बायोडाट्यातली किल्ली

एका तालुक्याच्या गावी एक बाई लग्ने जमवीत असत, आणि त्याच गावी एक वृद्ध मास्तर लोकांचे बिघडलेले संगणक दुरुस्त करीत असत. दोघांची गाठ पडण्याचे तसे काही कारण नव्हते. मास्तर जन्माचे ब्रह्मचारी, आणि बाईंचा संगणक कधी बिघडलेला नव्हता. पण न बिघडताही संगणक घात करू शकतो, हे त्या गावाला एका मार्गशीर्षात कळले. त्याची ही हकीकत आहे.

बाईंचे नाव सरोजिनीबाई जाचक. बावीस वर्षे त्यांनी वधूवर सूचक केंद्र चालवले. लग्न जमवणाऱ्याला दोन वह्या लागतात, असे त्या म्हणत. एक सगळ्यांना दाखवायची आणि एक कुणालाच नाही. पहिल्या वहीत उंची, शिक्षण, नोकरी, देवक असे सर्व असे. दुसऱ्या वहीत खासगी शेरे असत. मुलाला लहानपणी फिट येत असत, मुलीचा एक साखरपुडा मोडलेला आहे, वडील घरी राहत नाहीत, अशा गोष्टी आईबाप डोळे पुसत सांगत आणि बाई लिहून घेत. या गोष्टी झाकून लग्न लावायचे नाही, आणि चव्हाट्यावरही मांडायच्या नाहीत, असा त्यांचा नेम होता. दोन भेटी झाल्या, मने जुळतायत असे दिसले, की ज्याची गोष्ट त्याची परवानगी घेऊन बाई स्वतः समोरच्या घरी जात, बसून चहा घेत आणि नीट समजावून सांगत. अशी लग्ने मोडल्यापेक्षा जुळलीच अधिक.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा पुण्याचा भाचा दिवाळीला आला. मावशीच्या वह्या पाहून त्याला दया आली, आणि फराळ करता करता दोन दिवसांत त्याने दोन्ही वह्या संगणकात भरल्या. दोन्ही एकत्रच. एका माणसाची एक ओळ, आणि ओळीच्या शेवटच्या रकान्यात खासगी शेरा. मावशीला फोनवरही दिसावे म्हणून तो तक्ता केंद्राच्या ई-मेल खात्यात ठेवला. पासवर्ड काय ठेवू, असे विचारल्यावर मावशीने एक सांगितला. मग भाचा पुण्याला गेला, आणि कपाटातल्या दोन्ही वह्यांवर धूळ बसू लागली. हुशार भाचे जगाचे किती नुकसान करतात याची कुणी मोजदाद ठेवीत नाही, म्हणून मी इथे एवढी एक नोंद करून ठेवतो.

आता हेमांगीची गोष्ट. दूध संघात नोकरी करणाऱ्या गृहस्थांची ही मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिच्या मनावर मळभ आले होते. जेवण तुटले, झोप तुटली, आणि वर्षभर डॉक्टरांचे औषध घ्यावे लागले. त्यातून ती उठली, पुन्हा शाळेत शिकवू लागली. नाव नोंदवायला आली तेव्हा तिने स्वतःच हे सांगितले होते. सरोजिनीबाईंनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, "तू म्हणशील तेव्हाच सांगेन, आणि तू म्हणशील तसंच." स्थळ छान जुळले. दुसरी भेट झाली, साखरपुडा आठ दिवसांवर आला. येत्या रविवारी बाईंनी मुलाकडे जाऊन सांगायचे, असे दोघींचे ठरलेही होते.

त्याआधी सोमवारीच मुलाच्या घरी केंद्राच्या पत्त्यावरून एक ई-मेल गेला. त्यात दुसरे काही नव्हते. हेमांगीच्या ओळीतला शेवटचा रकाना तेवढा जसाच्या तसा उतरवलेला होता. मुलाकडच्यांना वाटले, मुलीने लपवले आणि केंद्राने उघडे पाडले. त्यांनी फोन करून नकार कळवला. तासाभरात हेमांगीचे वडील सरोजिनीबाईंच्या दारात उभे राहिले. ते ओरडले नाहीत, पण म्हणाले, "बाई, तुम्ही शब्द दिला होता." एवढे बोलून ते चप्पल न काढताच परत गेले.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांकडे गेल्या.

मास्तरांची खोली झेरॉक्सच्या दुकानावर माडीवर होती. आयुष्यभर त्यांनी टंकलेखनाचा वर्ग चालवला. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटे त्यांनी वळवलेली. टंकयंत्रे गेली तसे ते म्हातारपणी संगणक शिकले. त्यांच्या हाताखाली शर्वरी नावाची एक मुलगी काम शिकत होती. शर्वरी इंजिनिअर होती आणि पुण्यातल्या कंपनीत दोन वर्षे काढून आली होती. तिथून ती कामापेक्षा बोलणेच अधिक शिकून आली, असे मास्तर तिच्या तोंडावर म्हणत आणि ती हसून घेई.

बाईंनी सगळे सांगितले. शेवटी म्हणाल्या, "मास्तर, माझ्या कॉम्प्युटरात कोणीतरी शिरलंय. मी कुणाला एक अक्षर बोलले नाही, देवाशपथ. कोण शिरलं ते शोधून द्या."

शर्वरीने लगेच विचारायला सुरुवात केली. अँटिव्हायरस कोणता, वायफाय कुणाचे, फायरवॉल आहे का. महागातले एक सॉफ्टवेअर घ्यावे लागेल, असेही तिने सुचवून टाकले. मास्तरांनी हात वर करून तिला थांबवले.

"बाई, गेल्या वर्षी तुमच्या मुलासाठी, ऋतुराजसाठी मुली बघत होतात ना तुम्ही? त्याचा बायोडाटा केला असेल."

"केला होता. का?"

"तो उद्या घेऊन या. छापलेला."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो राहू दे घरी."

बाई गोंधळून जिना उतरल्या. शर्वरीला तर काही उमगेना. मास्तर पत्रिका मानणारे नव्हते. मंगळ असो नसो, वायर नीट बसवा, असे म्हणणारा माणूस. एवढ्या मोठ्या आगीवर त्यांना मुलाचा बायोडाटा का हवा असावा? मास्तर आता थकले, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिला वाईटही वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बायोडाटा घेऊन आल्या. कागद गुळगुळीत होता, वर गणपती, कडेला सोनेरी नक्षी. मास्तरांनी तो शर्वरीच्या हाती दिला.

"गणपती सोडून पुढचं वाच."

शर्वरी वाचू लागली. "नाव, ऋतुराज जाचक. जन्मतारीख, चौदा जून एकोणीसशे चौऱ्याण्णव. जन्मवेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. देवक पंचपालवी. कुलदैवत श्री जोतिबा. मामांचं गाव..."

"पुरे. हा कागद किती जणांकडे गेला असेल, बाई?"

"साठएक ग्रुपवर टाकला होता. आपलं कामच आहे ते. जितका फिरेल तितकं चांगलं."

मास्तरांनी स्वतःचा संगणक पुढे ओढला. "केंद्राचा ई-मेल पत्ता या कागदावर तळाशी छापलेलाच आहे. तुमच्यासमोर, तुमच्या परवानगीनं ते खातं उघडून बघतो. चालेल?"

"बघा की. पण उघडेल कसं? पासवर्ड भाच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"मलाही सांगू नका."

मास्तरांची दहाही बोटे चालू लागली. पहिल्यांदा त्यांनी मुलाचे नाव आणि जन्मसाल घातले. खाते उघडले नाही. मग कुलदैवताचे नाव आणि जन्मसाल घातले. तेही चालले नाही. मास्तर जरा थांबले आणि शर्वरीला म्हणाले, "एक अक्षर मोठं पाहिजे आणि एक चिन्ह पाहिजे असं कंपनी सांगते. आपली माणसं काय करतात? पहिलं अक्षर मोठं करतात, आणि वर्तुळात बसलेला तो ए मध्ये घालतात." त्यांनी तसे केले. देवाचे नाव, तो ए, आणि साल.

खाते उघडले. समोर तीनशे बारा ओळींचा तक्ता होता आणि उजवीकडे शेवटचा रकाना.

सरोजिनीबाईंनी पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि तोंड फिरवले. "बंद करा ते," त्या म्हणाल्या, "शर्वरीला दिसेल."

मास्तरांनी तत्काळ खाते बंद केले. बाईंच्या या बोलण्याने त्यांना फार बरे वाटले. ज्या बाईचे सर्व काही उघडे पडले होते, तिला त्या क्षणीही लोकांच्या लेकींचीच काळजी होती. शर्वरीला मात्र हसू आवरेना. एवढ्या गुपितांवर देवाचे नाव आणि मुलाचे साल, बस. मास्तर हसले नाहीत.

"तुझा काय आहे गं?"

"माझा काय?"

"पासवर्ड. सांगू नकोस. फक्त एवढं सांग, तुझी आई तुझा बायोडाटा छापील त्या दिवशी तो त्यात येईल का?"

शर्वरीचा चेहरा उतरला. तिच्या आईने बायोडाटा दोन महिन्यांपूर्वीच छापून घेतला होता. त्या संध्याकाळी घरी बसून तिने अकरा ठिकाणचे पासवर्ड बदलले, हे मला नंतर कळले.

मग मास्तर बाईंकडे वळले. "बाई, बायोडाटा कशासाठी असतो? आपण कोण, कुठले, कुणाचे, हे परक्याला कळावं म्हणून. तारीख, साल, कूळ, देव, मामाचं गाव. ही झाली ओळख. ओळख चार घरी वाटायचीच असते, त्यात लाजायचं काही नाही. पण कुलपाची वेळ आली की आपण काय करतो? जे कधी विसरणार नाही तेच पुढं करतो. मुलाचं साल आपण विसरत नाही, कुलदैवत विसरत नाही. पण बाई, आपण जे विसरत नाही ते गावही विसरत नाही. ओळख वाटायची असते, किल्ली वाटायची नसते. तुम्ही ओळखीचीच किल्ली केलीत, आणि वर गणपती छापून साठ ग्रुपवर पाठवलीत."

बाई खाली मान घालून ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "देवाचं नाव होतं. वाटलं, रक्षण करील."

"देव रक्षण करतोच. पण दाराला कडी लावायचं काम त्यानं आपल्याकडे ठेवलंय."

"मग हे केलं कोणी?"

"हा कागद ज्यांच्या हाती पडला त्यांतलं कोणीही. ते शोधणं पोलिसांचं काम. सायबर शाखेत आजच तक्रार द्यायची, शर्वरी सोबत येईल. कोणी केलं हे कळायला महिने जातील. कसं झालं ते आत्ता कळलंय, आणि तेच आज दुपारी पुन्हा होऊ शकतं. आधी ती वाट बुजवू."

त्या दिवशी दुपारपर्यंत तिघे कामाला लागले. पुन्हा खाते उघडले तेव्हा एक अनोळखी फोन अजूनही त्यात ठाण मांडून बसलेला दिसला. शर्वरीने त्याचा दिवस आणि वेळ पोलिसांसाठी टिपून घेतली आणि मग त्याला बाहेर काढले. नवा पासवर्ड बाईंनीच करायचा होता. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द घ्या, घरातल्या कुणाचे नाव नको, देवाचेही नको, असे सांगून मास्तर खिडकीबाहेर बघत उभे राहिले. विसरले तर, असे बाईंनी विचारले. मास्तर म्हणाले, "कागदावर लिहा आणि दागिने ठेवता तिथं ठेवा. तो कागद चोरायला चोराला तुमच्या घरी यावं लागेल. हा मात्र स्वतःच्या घरी बसून आत शिरला."

खात्याला दुसरे कुलूपही घातले. पासवर्ड कळला तरी बाईंच्या फोनवर येणारा आकडा दिल्याशिवाय दार उघडायचे नाही, अशी सोय केली. "हा आकडा कोणी फोन करून मागेल. बँकेतून बोलतोय म्हणेल, पोलीस आहे म्हणेल, मास्तर बोलतोय म्हणेल. द्यायचा नाही."

"तुम्हालासुद्धा नाही म्हणू?"

"मला आधी म्हणा."

फोनवर वर्षभर 'नंतर करा' म्हणून ढकललेले अपडेट होते, ते सारे करून घेतले. दाखवायच्या तक्त्याची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवायला दिली; खाते उद्या बुडाले तरी बावीस वर्षांचे काम बुडू नये. आणि शेवटचा रकाना? तो बाईंनी स्वतःच्या हाताने पुसला. त्यांच्या जुन्या दुसऱ्या वहीत बहुतेक शेरे होतेच. "हे इथं यायलाच नको होतं," त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली. जे आपल्या घराबाहेर जाण्याची गरजच नाही, ते बाहेर नेऊन मग त्याला राखण बसवण्यात काय शहाणपण?

चार वाजता दोघी पोलिसांकडून तक्रार नोंदवून परत आल्या. शर्वरीने संगणक मिटला. आता ती समजुतीने बोलली, आणि तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. "बाई, झालं. आता कोणी शिरणार नाही. पण हे बाहेर बोलू नका. हेमांगीच्या घरी कळलंय ते कळलंय. बाकीच्यांना कशाला सांगायचं? सांगितलंत तर एकही माणूस तुमच्याकडे आपली नोंद ठेवणार नाही."

मास्तर चष्मा पुसत बसले.

सरोजिनीबाई म्हणाल्या, "तो फोन किती दिवस आत होता?"

"एकोणीस दिवस," शर्वरी म्हणाली.

"म्हणजे त्यानं सगळे शेरे वाचले असतील. एकट्या हेमांगीचं नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी असं पत्र जाईल. तेव्हा त्या आईबापांना कळणार, माझ्याकडून फुटलं म्हणून. आणि मला आधीच ठाऊक होतं हेही कळणार." त्या उठल्या. "तीनशे बारा घरं आहेत. मी जाते."

"केंद्र बंद पडेल, बाई."

"पडू दे. बंद पडलं तर आपल्या पायानं पडेल, लपून पडणार नाही."

आता मास्तर बोलले. "शर्वरी, तूही जा यांच्याबरोबर."

"तिथं माझं काय काम, सर?"

"कुलूप बदललं म्हणजे काम संपलं असं तुला वाटतंय ना, म्हणून जा."

त्या दोघी पहिल्यांदा हेमांगीच्याच घरी गेल्या. वडिलांनी दार उघडले, पण 'या' म्हटले नाही. सरोजिनीबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि तिथूनच सर्व सांगितले. पासवर्ड काय ठेवला होता, तो कागदावर कसा फिरला, चोर कसा आला, एकोणीस दिवस आत कसा राहिला. आपल्या मूर्खपणाला त्यांनी कुठेही मऊ शब्द वापरला नाही. शेवटी म्हणाल्या, "हेमांगीचं मी कुणाला सांगितलं नाही. पण दार उघडं मीच टाकलं होतं. तेव्हा शब्द मोडला तो मीच मोडला. मुलाकडेही मी उद्या जाऊन हेच सांगणार आहे. त्यांनी मन बदलावं म्हणून नाही. हेमांगीनं लपवलं नव्हतं, एवढं त्यांना कळावं म्हणून."

वडिलांच्या मागे हेमांगी येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"माझं ते लिहिलेलं आता कुठं आहे, काकू?" तिने विचारले.

"कॉम्प्युटरातून पुसलं. माझ्या जुन्या वहीत तू आलीस तेव्हाच्या नोंदी नाहीत. तेव्हा माझ्याकडे आता ते कुठंही नाही. चोरानं काय उतरवून घेतलं, ते मात्र मला सांगता येत नाही."

बाईंनी पिशवीतून एक कागद काढून वडिलांपुढे धरला. "तुमची नोंद रद्द करण्याचा अर्ज मीच लिहून आणलाय. तुम्हाला माझ्या दारात परत यायला नको. इथं सही करा."

वडिलांनी कागद घेतला, खिशाचे पेन काढले. शर्वरीला तिथून पळून जावेसे वाटले. पेनाचे टोपण काढता काढता ते मुलीकडे बघून थांबले.

हेमांगी म्हणाली, "बाबा, उद्या दुसऱ्या केंद्रात नाव घातलं, तर तिथंही असं होणार नाही कशावरून? झालं तर ते आपल्या दारात येऊन सांगतील का?"

वडिलांनी पेनाला टोपण लावले आणि सहीविना तो कागद सरोजिनीबाईंना परत दिला. ते स्थळ गेले ते गेलेच. मुलाकडच्यांनी दुसऱ्या दिवशी ऐकून घेतले, माफीही मागितली, पण गाडी पुन्हा रुळावर आली नाही. हेमांगीने मात्र आपले नाव काढले नाही.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर शर्वरीने बाईंच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. मास्तरांनी आपल्याला का पाठवले, हे आता तिला विचारावे लागणार नव्हते. पासवर्डाने तिजोरी राखता येते. पण आत ज्यांचे काही होते, त्यांच्यापुढे जाऊन उभे राहणे हा राखणदारीचाच उरलेला भाग आहे.

"पुढचं घर कुठलं, बाई?" तिने विचारले.

सरोजिनीबाईंनी यादी काढली, हेमांगीच्या नावापुढे खूण केली आणि पदर खोचला. अजून तीनशे अकरा घरे राहिली होती.